गाडी कुठली, रंग कुठला?

पौड, ता. मुळशी
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

चि. अफरीनला अब्बाचा सलाम आणि भरभरून दुवा.

इकडे घरचे सगळे खुशाल आहेत. तुझ्या अम्मीचे गुडघे सोडले तर तीही खुशाल आहे. शेळी व्याली, दोन्ही बोकड झाले, त्यामुळे तुझ्या अम्मीचे, म्हणजे आमच्या साबेराबेगमचे, पाय सध्या जमिनीला लागत नाहीत. पाऊस अजून मुक्काम हलवायचं नाव घेत नाही. तू नागपुरात बरी असशील, वेळेवर जेवत असशील, असं मी धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण तू रोज फोन करतेस अम्मीला, आणि अम्मी मला त्यातलं "बरी हाय" एवढंच वाढते.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. "कशी आहेस?" "बरी." "जेवलीस?" "हो." मग तू गप्प, मी गप्प, आणि नेटवर्क उगाच चालू. आपला क्रेनवरचा किशोर आहे ना, त्याचा मेहुणा आज माल घेऊन नागपूरला निघालाय. त्याच्या हाती हे देतो. रविवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. सोमवारी तुझं गाडीचं रिझर्व्हेशन आहे म्हणे. म्हणजे घाई आहे हे मला कळतं. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही. क्रेनसुद्धा आधी मागे घ्यावी लागते, मग कुठे हूक लागतो.

तर आधी तक्रार. तुझ्यामुळे माझा धंदा बसला. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात क्रेन उभी केली की मला चहा प्यायला सवड नसायची. यंदा मी तुळजाबाईच्या ढाब्यावर इतका चहा प्यायलो की ती म्हणाली, "पीरभाई, तुमी आता हितंच भांडी घासायला ऱ्हावा, पगार देते." किशोर क्रेनमध्ये पाय वर करून झोपतो. याला जबाबदार कोण, ते तू ठरव.

आता दुसरी गोष्ट. अम्मीने काल सांगितलं. तू सब-ऑफिसरचा कोर्स अर्धा टाकून परत येतेस. "माझं काम चुलीत गेलं, आता ऑफिसर होऊन कोणाला काय शिकवू," असं म्हणालीस म्हणे. ही बातमी तुला किशोरने दिली हेही मला कळलं. त्याच्या तोंडाला ब्रेक नाही. पण तो खोटं बोलला नाही. तुझे गुटके चुलीत गेले. अगदी खरोखरच्या चुलीत, जाळ करून. त्याच्या पुढचं मात्र त्याने तुला सांगितलं नाही. ते सांगायला मी बसलोय.

गेल्या महिन्यात ढाब्यावर पुण्याचं एक जोडपं भजी खात होतं. माझी क्रेन पाहून त्यांनी विचारलं, "काका, इथे फार अपघात होतात का हो?" बस्स, मी खुर्ची ओढली. तुला सगळं पाठ आहे, पण तुझा बाप तुझी गोष्ट लोकांना कशी सांगतो हे तू कधी ऐकलेलं नाहीस, म्हणून लिहितो.

मी म्हणालो, पूर्वी प्रत्येक ट्रकवर क्लीनर असायचा. कोकणातून भरलेला ट्रक घाट चढताना तापला की ड्रायव्हर थांबायचा आणि क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावायचा. इंजिन निवलं, ट्रक हलला, की क्लीनर तो दगड कडेला फेकायचा आणि पळत जाऊन गाडी गाठायचा. आता क्लीनर ठेवणं परवडत नाही. ड्रायव्हर एकटा. दगड लावायला तो उतरतो, पण चढावर गाडी एकदा हलली की ती पुन्हा थांबवून दगड उचलायला कोण उतरणार? दगड राहतो रस्त्याच्या मधोमध. त्यात धुकं. मागून येते मोटारसायकल.

मग त्यांना सांगितलं, अशाच एका मोटारसायकलीच्या वर्दीवर माझी मुलगी बंबाबरोबर गेली होती. बंबावर आहे माझी मुलगी, अग्निशमनात. (इथे मी जरा थांबतो. नेहमीच थांबतो.) नवराबायको होते. दोघं वाचली, पण बाईला पुढे किती दिवस चालता आलं नाही. माझ्या मुलीने आजूबाजूला पाहिलं तर धडक देणारी दुसरी गाडीच नाही. नुसता दगड. तिने तो उचलून बंबात घातला, केंद्रावर नेला आणि स्टेशन ऑफिसर हैबतराव साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "साहेब, हा आरोपी."

ते जोडपं भजी खायचं विसरलं होतं.

पुढचं मी त्यांना हसत हसत सांगितलं. दगडाऐवजी चाकामागे लावायला तू ते लाकडी गुटके करून घेतलेस, प्रत्येकाला दोरी बांधलीस. दोरीचं टोक ट्रकला अडकवायचं, म्हणजे ट्रक हलला की गुटका मागे फरफटत येतो, रस्त्यात राहत नाही. खालच्या ढाब्यावर घ्यायचा, घाट चढला की वर तुळजाबाईकडे टाकायचा. बंब घेऊन तुम्ही हे शिकवायला पहिल्यांदा आलात तेव्हा अर्धं गाव बादल्या घेऊन धावलं होतं. "आग कुटं लागलीया?" आग नाही म्हटल्यावर लोक हिरमुसले. बंब आला आणि आग नाही, म्हणजे काय! तरी तू पोलीस, ढाबेवाले, पंक्चरवाले, बांधकाम खात्याचे लोक असे सगळे एका ताडपत्रीखाली बसवलेस. एरवी ही मंडळी लग्नातसुद्धा एका पंगतीला बसत नाहीत.

आणि मग तो अर्ज! नरहरी हवालदार आपल्या दारात आला, चेहरा गंभीर. "पीरभाई, तुमची लेक घाटात गुटका वाटतीया म्हणून अर्ज आलाय. बंदी हाय, ठावं हाय ना?" अम्मी तर रडायलाच लागली. तू आतून तो लाकडाचा ठोकळा आणलास, त्याच्या हातात ठेवलास आणि म्हणालीस, "घ्या काका, चावून दाखवा." नरहरी इतका हसला की टोपी पडली. त्या दिवसापासून घाटात तुझं नाव गुटकेवाली बाई. मला मात्र त्याचा राग यायचा. कोणी मला "गुटकेवाल्या बाईचा बाप" म्हटलं की मी त्याची गाडी ओढायला मुद्दाम उशीर करायचो. माझी मुलगी अग्निशमनात आहे, नीट नाव घ्या, असं मला वाटायचं.

आता चुलीचं. तू गेलीस त्यानंतर वर तुळजाबाईकडे गुटक्यांचा ढीग झाला. वर सगळे टाकायचे, खाली न्यायचे कोणी? याचा विचार तूही केला नव्हतास आणि तुझ्या साहेबांनीही. त्यात ऑगस्टमध्ये पाऊस असा लागला की ताम्हिणीत माणसाच्या अंगावरचा कपडा वाळेना. एक दिवस मी ढाब्यावर गेलो तर ढीग गायब आणि चूल मस्त पेटलेली. मी विचारलं तर तुळजाबाई म्हणाली, "गॅस संपला, गाडी यीना. सरपण समदं भिजल्यालं. कोपऱ्यात वाळकं लाकूड दिसलं, घातलं. लई झ्याक पेटलं बगा!"

मी ओरडलो. "बाई, ते माझ्या लेकीचं काम होतं!"

 कढईतली भजी उलटत ती म्हणाली, "मंग तुमच्या लेकीनं पेटणारं काम का म्हून दिलं? ताम्हिणीच्या पावसात वाळकं लाकूड आन् सोनं, दोन्ही उघड्यावर ठेवत न्हाईत."

राग आला, पण बाईचं म्हणणं बरोबर होतं. परत येताना मी गाडीत सारखा तोच विचार करत होतो. घरी आलो आणि आपल्या मागच्या आवारात टायरांचा डोंगर दिसला. तुझी अम्मी ज्याच्यावरून मला वर्षानुवर्षं बोलते, तोच. जुने ट्रकचे टायर मी आणि किशोरने कापले, तुकडे एकावर एक रचून त्यांना आरपार बोल्ट मारले आणि पाचरीसारखा उतरता आकार दिला. ओल्या डांबरावर लाकूडही कधी कधी सरकतं, हे मात्र अजिबात सरकत नाही. दोरीही बदलली, नायलॉनची घातली. पहिला गुटका तुळजाबाईला नेऊन दाखवला. तिने तो नाकाला लावला आणि लांब धरला. "ह्यो न्हाई जाळायची मी. भज्यांना वास यील."

आणि खाली नेण्याचं म्हणशील, तर माझी क्रेन काय झोपा काढते? वर साठले की आम्ही ते क्रेनवर टाकतो आणि खालच्या ढाब्यावर पोहोचवतो. नरहरी गस्तीला निघाला की चार जीपमध्ये घालतो. "चला, गुटक्याचा माल पोचवून येतो," असं सगळ्यांसमोर म्हणतो, बेशरम. हैबतराव साहेबांनी चमकणाऱ्या पट्ट्या दिल्या, त्या आम्ही चिकटवल्या. साहेब स्वतः आवारात आले होते. टायर कापताना माझ्याकडे बघून म्हणाले, "पीरभाई, अफरीन असती तर खूश झाली असती." मी म्हणालो, "तिला सांगू नका." का म्हणालो कोण जाणे. आपल्या दोघांचं ते तसंच आहे.

आता गेल्या रविवारचं ऐक. हे वाचताना उभी असशील तर खाली बस.

सकाळी घाटात इतकं धुकं होतं की क्रेनचा स्वतःचा हूक मला दिसत नव्हता. फोन आला, चढावरच्या वळणावर ट्रक अडकलाय. आम्ही निघालो. पोहोचतो तो काय, वळणाच्या अलीकडेच तुळजाबाईची सून सायली लाल झेंडा घेऊन उभी. वरून येणाऱ्या गाड्या तिने एका रांगेत थांबवलेल्या. पुढे बंब उभा, दिवे लावलेले, तुझ्या पोरांनी रस्त्यावर शंकू मांडलेले. खालच्या अंगाला नरहरी. तू तालमीत प्रत्येकाला जी जागा दिली होतीस, त्याच जागेवर प्रत्येक जण. कोणी ओरडत नव्हतं, कोणी पळत नव्हतं. मी घाटात आयुष्य घालवलं, पण अपघाताच्या जागी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि मग माझ्या लक्षात आलं की अपघात झालेलाच नाही.

ट्रक जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी गच्च भरलेला. ड्रायव्हर आपल्या माले गावचा भिवाजी. चढावर गाडी तापली, त्याने थांबवली, उतरून गुटका लावला आणि तेवढ्यात ब्रेकने दगा दिला. सगळा भार मागच्या चाकावर, आणि ते चाक आपल्या टायरच्या गुटक्यावर असं रुतून बसलेलं की ट्रक इंचभर हलला नव्हता. आणि त्याच्या मागे, अगदी जवळ, माणगावहून वर येणारी एसटी उभी. भरलेली.

भिवाजी रस्त्याकडेला बसून होता. म्हणाला, "पीरभाई, दगड लावला आसता तर दगड सरकला आसता. मी आन् ही एसटी, दोगं बी दरीत आसतो. कुनी बनवलाय ह्यो?"

मी क्रेनची साखळी सोडायला वळलो. 

साहेबांनी आधी एसटी मागे घेऊन सुरक्षित जागी लावायला सांगितली. ती हलली तेव्हा खिडकीतून एक बाई माझ्यावर खेकसली, "किती येळ लावताय ओ? म्हशींच्या धारा काढायच्या हायेत घरी!" तिच्या मांडीवर एक पोर झोपलेलं होतं. तिच्या मागे एक म्हातारा शेंगा सोलत बसला होता. त्या गाडीत कोणालाही काही माहीत नव्हतं. ते घरी गेले असतील, उशीर झाला म्हणून घाटाला शिव्या दिल्या असतील, धारा काढल्या असतील, जेवले असतील.

अफरीन, त्या बाईला कधीच कळणार नाही की त्या दिवशी तिला काय झालं नाही. आग विझवली तर लोक टाळ्या वाजवतात, हार घालतात. तू जे केलंस त्याला टाळ्या नाहीत, कारण काही घडतच नाही. तुला वाटलं तुझं काम चुलीत गेलं. नाही बेटा. तुझं काम त्या एसटीत बसून घरी गेलं आणि धारा काढत बसलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी क्रेनच्या मागे जाऊन उभा राहिलो. किशोरला सांगितलं, डोळ्यात डिझेल गेलं.

मग मी हूक लावला, ट्रक सपाटीवर ओढला आणि गुटका उचलून तुळजाबाईकडे टाकला. एवढंच काम. काच झाडायची नव्हती, रक्त धुवायचं नव्हतं. असा हलक्या मनाने मी घाटातून कधी परतलो नव्हतो.

आता ते, जे मी एवढा वेळ टाळतोय.

तू निघालीस त्या सकाळी बॅग दारात होती, अम्मी डबा भरत होती आणि माझा फोन वाजला. घाटातून वर्दी. मी नेहमीसारखं विचारलं, "गाडी कुठली? रंग कुठला?" तू चप्पल घालता घालता थांबलीस आणि म्हणालीस, "अब्बा, माणूस जिवंत आहे का, हे तुम्ही कधीच आधी विचारत नाही. गाडी मोठी आहे का, बिल मोठं होईल का, तेवढंच. तुम्ही अपघाताची वाट बघता."  तू गेलीस. तेव्हापासून ते वाक्य मी खिशात घेऊन फिरतोय.

बिलासाठी विचारायचं तर रंग कशाला विचारेन, बेटा? लाल ट्रक आणि हिरवा ट्रक, ओढायला सारखेच.

तू नोकरीला लागलीस आणि ती करड्या रंगाची स्कूटी घेतलीस. मी तेव्हाच म्हणालो होतो, हा रंग धुक्यात दिसत नाही, तू ऐकलं नाहीस. ड्यूटीवरून कधी ढाब्यावर मीटिंगला, कधी शाळेत शिकवायला, तू त्याच घाटातून ये-जा करायचीस. त्या दिवसापासून फोन वाजला की माझ्या तोंडून पहिले हेच दोन प्रश्न निघतात. पलीकडचा माणूस "ट्रक" म्हणाला, "पांढरी जीप" म्हणाला, की मग मला श्वास येतो आणि मी पुढचं विचारू शकतो. माणूस कसा आहे हे आधी विचारायची माझी हिंमत नव्हती. तो माणूस तू असशील तर मला ते परक्या आवाजातून ऐकायचं नव्हतं.

आता तू नागपुरात आहेस. स्कूटी आवारात ताडपत्रीखाली आहे, तिला मी रोज सकाळी एकदा चालू करतो. आणि तरीही गेल्या रविवारी फोन आला तेव्हा मी काय विचारलं? रंग कुठला. सवय जात नाही. तू म्हणतेस तशी मी वाट बघायचो खरी, पण अपघाताची नाही.

तर सोमवारची गाडी चुकव. रिझर्व्हेशन रद्द कर. इथे तुझी गरज आहे, म्हणूनच आत्ता येऊ नकोस. हैबतराव साहेब म्हणालेत, कोर्स पुरा करून आली की घाटाचं सगळं काम तिच्या हाताखाली देऊ. आम्ही सगळे तोपर्यंत सांभाळतो. खांद्यावर तारे लावून ये. मला तुला सॅल्यूट करायचा आहे, आणि अर्धवट कोर्सला सॅल्यूट करत नाहीत.

एक गोष्ट साहेबांना कळू देऊ नकोस. प्रत्येक गुटक्यावर मी पिवळ्या रंगाने मोठा "अ" काढलाय. साहेब सगळ्यांना सांगतात, अ म्हणजे अग्निशमन. त्यांना तसंच वाटू दे.

अम्मीने लसणाची चटणी दिली आहे. मैत्रिणींना वाट, एकटी खाऊ नकोस. पत्र अम्मीला वाचून दाखवलेलं नाही, पण ती दाराआडून बघतेय, म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. आणि हो, क्रेनवरचं जुनं नाव मी खरवडून काढलं. पेंटर विचारत होता, काय लिहू? मी त्याला जे सांगितलं, तेच खाली सहीला लिहितो. पिवळ्या रंगात आहे, धुक्यातही दिसतं.

तुझा,
गुटकेवाल्या बाईचा बाप